घाटघरच्या पावसात टायरांची निवड

प्रश्न : आम्ही घाटघरचे रहिवासी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्या बोलेरोस हिवाळी टायर व १७ इंची रिम बसवावेत काय?

उत्तर : हिवाळी टायरचे मऊ रबर ७ अंशांखालील थंडीसाठी योजिलेले असल्याने, जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर मुकाबला हिमाशी नसून आषाढातल्या चिखलाशी असतो, तेथे ते उन्हाळ्यात नाहक झिजतील. मूळ माप २१५/७५ आर १५ असेल तर तेच कायम ठेवावे. त्याची सुमारे १६१ मिलिमीटरची उंच बाजू खड्ड्यांचे आघात सोसते, आणि मोठ्या रिमची हौस हा केवळ शहरी दिमाख होय. रिकाम्या गाडीचा मागच्या चाकांवरील भार हलका असल्याने चढावर तीच चाके प्रथम घसरतात. सबब दोनच नवे टायर घेतल्यास ते मागेच बसवावेत. खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी मृगापूर्वी ३ मिलिमीटरलाच मी टायर बाद ठरवीन.