गोव्याचे मुख्यमंत्रिपद

नागरिकशास्त्राच्या तासास आम्ही एकदा नववीच्या विद्यार्थ्यांस सहज विचारले, "गोव्याच्या मुख्यमंत्र्याची नेमणूक कोण करतो?" एकाने 'जनता' असे उत्तर दिले, दुसऱ्याने 'दिल्ली', तिसऱ्याने 'राज्यपाल'. वर्गात हशा पिकला. एका प्रश्नाची तीन उत्तरे बरोबर कशी असणार, असे साऱ्यांस वाटले. परंतु तिन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, आणि तो कसा हे सांगू गेल्यास गोव्याच्या मुख्यमंत्रिपदाचा सारा इतिहासच सांगावा लागतो. तो एका तासात आटोपला नाही, म्हणून हा लेख.

प्रथम मुक्तीपूर्वीचा काळ पाहू. पणजीत मांडवीच्या काठी आदिलशहाचा जुना वाडा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याचा कारभार जेथून चाले ती ही वास्तू. त्या काळी येथला सर्वोच्च अधिकारी म्हणजे गव्हर्नर जनरल. तो लिस्बनहून नेमला जाई, आणि लिस्बनच्याच हुकमाने परत जाई. त्याच्या नेमणुकीत आमच्या सत्तरीतील शेतकऱ्याचा शब्द कोणी विचारीत नसे. तो शब्द ऐकविण्याचा एकच मार्ग उरे, आणि तो कोणता हे वाळपईच्या मुलांस वेगळे सांगावयास नको. १८५२ साली दीपाजी राणे यांनी जवळचाच नाणूसचा किल्ला घेतला, तो याच मार्गाने.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आरंभी मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे लष्करी गव्हर्नर म्हणून कारभार होता. १९६२ मध्ये नायब राज्यपाल आले. गोवा, दमण व दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. पुढे संसदेने १९६३ मध्ये केंद्रशासित प्रदेशांच्या शासनाचा कायदा केला, आणि त्यानुसार तीस निर्वाचित सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. मतपेटीपुढे श्रीमंत भाटकार व त्याचा कूळ एकाच रांगेत उभे राहिले.

त्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची सरशी झाली. २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. गंमत अशी की, पक्षाचे नेते असूनही भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीस उभे नव्हते. सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्यास सहा महिन्यांत निवडून यावे लागते; त्याप्रमाणे ते पोटनिवडणुकीत मडकईतून निवडून आले. (२०१७ साली संरक्षणमंत्रिपद सोडून दिल्लीहून परतलेले मनोहर पर्रीकर हेही शपथविधीच्या वेळी आमदार नव्हते, पणजीची पोटनिवडणूक त्यांनी नंतर जिंकली.) पहिले मंत्रिमंडळ अवघे तिघांचे होते: स्वतः भाऊसाहेब, विठ्ठल करमळी व टोनी फर्नांडिस. अध्यक्षस्थानी स्वातंत्र्यसैनिक पां. पु. शिरोडकर आणि विरोधी बाकांवर युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा असे ते सभागृह होते.

या काळापुरते 'दिल्ली' हे उत्तर अगदी बरोबर. १९६३ च्या कायद्यान्वये केंद्रशासित प्रदेशाचा मुख्यमंत्री राष्ट्रपती नेमीत. मंत्रिमंडळ व नायब राज्यपाल यांचे एखाद्या बाबतीत मत जुळले नाही, तर प्रकरण राष्ट्रपतींकडे धाडावे लागे. म्हणजे खुर्ची होती, तिला पाठही होती. पण तिचा एक पाय दिल्लीत होता.

आता आम्ही ज्या प्रसंगासाठी मुख्यत्वे हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळू. बांदोडकरांचा पक्ष गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता. विलीनीकरण झाले असते तर गोव्याची विधानसभा उरली नसती, आणि गोव्याचा मुख्यमंत्रीही उरला नसता. म्हणजे या पदावर बसलेला पहिलाच मनुष्य ते पद नाहीसे व्हावे म्हणून झटत होता! पदासाठी धडपडणारी माणसे इतिहासात पैशाला पासरी सापडतात. अशी उदाहरणे विरळा.

प्रश्नाचा निकाल विधानसभेतील बहुमताने न लावता जनतेचा कौल घ्यावा, असे ठरले. पण सरकार विलीनीकरणवाद्यांच्या हाती असता कौल निःपक्षपाती कसा होणार, हा विरोधकांचा आक्षेप होता. बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची खूण 'फूल', वेगळ्या अस्तित्वाची 'दोन पाने'. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला, आणि त्याबरोबर मुख्यमंत्र्याची खुर्चीही राहिली.

आमची आजी त्या मतदानास गेली होती. घरी कोंकणी, देवळातल्या भजनात मराठी, अशा घरातली ती बाई. फूल की पाने, असे आम्ही तिला कितीदा तरी विचारले. "तें पेटयेक खबर," एवढेच ती म्हणे आणि तांदूळ निवडू लागे. त्या वेळी एकाच घरातील दोन भाऊ दोन चिन्हांकडे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या मौनाचा अर्थ कळतो. आम्ही कोंकणी बोलतो व हा लेख मराठीत लिहितो, यात आम्हांस कधी अडचण वाटली नाही. पण ज्यांना तेव्हा दोहोंतून एक निवडावे लागले त्यांची अडचण खोटी नव्हती.

यानंतर जे घडले ते अधिकच मौजेचे आहे. मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली, आणि ज्या मतदारांनी बांदोडकरांची मागणी फेटाळली होती त्यांनीच त्यांच्या पक्षास पुन्हा बहुमत दिले. एप्रिलमध्ये भाऊसाहेब त्याच खुर्चीवर परत आले. प्रश्न निराळा आणि माणूस निराळा, हे लोकांनी तीन महिन्यांच्या आत दाखवून दिले. 'जनता' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगला पुरावा नको.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे पदावर असतानाच निधन झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या कारकिर्दीतील १९७५ चा मुंडकार कायदा व १९७६ ची कूळ कायद्यातील दुरुस्ती यांचा संबंध आपल्यापैकी कित्येकांच्या घराशी व शेताशी येतो, तेव्हा तो घरच्या वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावा. १९७९ मध्ये पक्षात फूट पडून ते सरकार गेले. जानेवारी १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले ते प्रतापसिंह राणे, आमच्याच सत्तरीतून १९७२ पासून निवडून जाणारे. ज्या तालुक्याचा आवाज शतकापूर्वी नाणूसच्या तटावरून ऐकू आला, त्याचा प्रतिनिधी आदिलशहाच्या वाड्यात कारभार पाहू लागला.

राणे मुख्यमंत्री असतानाच १९८७ चा राजभाषा कायदा झाला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य बनले. दमण व दीव वेगळे झाले, विधानसभा चाळीस जागांची झाली. आता राज्यघटनेच्या १६४ व्या कलमान्वये मुख्यमंत्र्यास राज्यपाल नेमू लागले. आमच्या तिसऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर येथून लागू होते.

राज्य झाल्यावर खुर्ची स्थिर होईल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. चाळिसांच्या सभागृहात बहुमतास एकवीस लागतात. तीनचार आमदारांनी बाजू बदलली की सरकार कोसळते. १९९० ते २००० या काळात दहाहून अधिक वेळा शपथविधी झाले. चर्चिल आलेमांव यांस १९९० मध्ये तीन आठवडेही मिळाले नाहीत, आणि १९९४ मध्ये रवी नाईक यांची दुसरी कारकीर्द सहा दिवसांत आटोपली. ही सारी यादी आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेत नाही. परीक्षेत विचारू असे भयही त्यांनी बाळगू नये. २००३ च्या घटनादुरुस्तीने आमदारांची एकतृतीयांश फूट वैध मानण्याची सवलत काढून घेतली आणि मंत्र्यांच्या संख्येवरही बंधन घातले. तेव्हापासून गोव्यात मुख्यमंत्र्यासह बाराच मंत्री असू शकतात.

दरम्यान २००० साली विधानसभा वाडा सोडून मांडवीपलीकडे पर्वरीस गेली. १७ मार्च २०१९ रोजी मनोहर पर्रीकर निवर्तले. मुख्यमंत्र्याच्या निधनाबरोबर त्याचे मंत्रिमंडळही संपते, म्हणून घाई असते. १९ मार्चच्या पहाटेपूर्वीच साखळीचे आमदार प्रमोद सावंत यांनी शपथ घेतली.

हे सारे ऐकून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "या पदासाठी वय किती लागते?" मतदानास अठरा, आणि विधानसभेस उभे राहण्यास पंचवीस, असे आम्ही सांगितले. तिने वहीच्या कोपऱ्यात पंचविसातून चौदा वजा केले.