पाचारण कसे ओळखावे?

(तरुणांच्या सभेकरिता पाठ. आधी वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय ३, निर्गम, अध्याय ३ व ४.)

आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत असे कितीएक तरुण व तरुणी आहेत की, ज्यांच्या मनात प्रभूच्या सेवेस वाहून घ्यावे असा विचार वारंवार येतो. परंतु भय व संशय यांमुळे तो ओठांवर येण्यापूर्वीच मावळतो. माझे कोण ऐकणार? शिक्षण थोडे, घरी म्हातारी आई, डोक्यावर कर्ज. शिवाय ही हाक देवाचीच कशावरून? असे प्रश्न त्यांस छळतात. अशांच्या साहाय्यार्थ आम्ही हा पाठ लिहीत आहो.

प्रथम शमुवेलाकडे पाहू. देवाने त्यास तीन वेळा हाक मारली, आणि तिन्ही वेळा तो एलीकडे धावला. हाक ओळखता आली नाही म्हणून देवाने त्यास टाकून दिले नाही. पुन्हा हाक मारली. एलीची दृष्टी मंद झाली होती व त्याच्या घराण्यात मोठा दोष होता, तरी मुलास मार्ग त्यानेच दाखविला. यास्तव, तरुणहो, हा विचार एकट्याने उरात दडवून ठेवू नका. मंडळीतील अनुभवी माणसापाशी बोला. आणि उपदेशक बंधूंनो, असा कोणी आपणांकडे आला तर त्यास हसू नका, घाईने गळ्यात माळही घालू नका.

आता मोशे. मी कोण? लोक विश्वास ठेवतील काय? मला बोलता येत नाही, अशा एकामागून एक अडचणी त्याने मांडल्या. देवाने प्रत्येकीचे उत्तर दिले. दुसऱ्या कोणास पाठीव, असे तो म्हणाला तेव्हा मात्र देवाचा कोप झाला. तरीही त्याने अहरोनास सोबती दिला. यावरून शंका विचारणे निराळे व पाठ फिरविणे निराळे, हे ध्यानात येईल. फारोपुढे मोशे बोलला तेव्हा त्याचे वय ८० वर्षांचे होते. म्हणून विलंब झाला तर सर्व गेले असे मानू नये.

घरच्यांचे भय खोटे नसते. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांस व लक्ष्मीबाईंस दीर्घ ताटातूट सोसावी लागली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. किंमत पडते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांस उपाशी ठेवणाऱ्यांस प्रभूने दोष दिला आहे, व वधस्तंभावरूनही त्याने आपल्या आईची सोय लाविली. म्हणून कर्ज फेडण्यास व आईची व्यवस्था लावण्यास एकदोन वर्षे लागली तर ती देवापासून चोरलेली नव्हेत. मात्र आई हे कारण आहे की निमित्त, हे प्रत्येकाने प्रार्थनेत स्वतःस विचारावे.

मग पारख कशी करावी? शेतकरी पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो व काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो. सारे बियाणे एकदम मातीत टाकीत नाही. तसेच आधी लहान सेवा हाती घ्या : मुलांचा शब्बाथ वर्ग, आजाऱ्याची विचारपूस, निरक्षरास शास्त्र वाचून दाखविणे. वर्षभर कोणी वाखाणले नाही तरी आवड टिकते काय? आपल्या सेवेने कोणास बळ मिळाले असे मंडळी म्हणते काय? पगार व मान वगळले तरी ओढ राहते काय? या तिन्हींस होय असे उत्तर मिळाले, तर भय उरले असतानाही पुढे पाऊल टाकावे.

आणि उत्तर नाही असे आले, तर खिन्न होऊ नये. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखास वाचा फोडली. ती सेवा लेखणीने झाली. नांगर, सुई, शाळेचा फळा यांनीही देवाची सेवा घडते. व्यासपीठ सर्वांसाठी नाही. आज्ञापालन सर्वांसाठी आहे.

सभेत विचारावयाचे प्रश्न : १. शमुवेलास एलीची गरज का पडली? २. मोशेच्या कोणत्या बोलण्याने देव कोपला, व का? ३. या आठवड्यात आपण कोणती एक लहान सेवा आरंभाल?