उन्हाळी श्रेणी आणि प्रवेशाचा अर्ज

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मुले दहावी-अकरावीत पोहोचली की उन्हाळ्याची सुटी ही नुसती सुटी राहत नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांपैकी एखादा क्रेडिटचा अभ्यासक्रम मुलाने पुरा करावा, असा बेत घरोघरी होतो, आणि तो सामान्यतः स्तुत्यच असतो. अडचण उपस्थित होते ती निकाल लागल्यावर. अपेक्षित ‘ए’च्या जागी ‘सी’ पदरी पडते, शाळेच्या गुणपत्रकावर तिचा मागमूस नसतो, आणि मग चिंताक्रांत पालक हळूच विचारतात, की ही श्रेणी प्रवेशअर्जात दाखवलीच पाहिजे काय?

दाखवलीच पाहिजे. क्रेडिटचा अभ्यासक्रम सुरू झाला की त्या कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या दप्तरी विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते, आणि शाळेचे गुणपत्रक तिच्याविषयी काही बोलो वा न बोलो, ती कायम राहते. कॉमन अ‍ॅपच्या शिक्षणविषयक विभागात शालेय वयात घेतलेल्या कॉलेजच्या अभ्यासक्रमांची स्पष्ट विचारणा असते, व ज्या विद्यापीठाचा जसा नियम, त्याप्रमाणे अधिकृत ट्रान्सक्रिप्टही धाडावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत थोडी निराळी आहे. तेथे अर्जासोबत कागद मागत नाहीत, विद्यार्थ्याने स्वतः भरलेल्या श्रेणींवर विश्वास ठेवतात. परंतु प्रवेश मिळाल्यावर सर्व संस्थांच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत रुजू कराव्या लागतात, आणि अर्जातील मजकुराशी त्यांचा मेळ बसला नाही तर हाती आलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. एका ‘सी’ने जेवढे नुकसान झाले नसते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान अशा वेळी ती दडवल्याने होते.

उलटपक्षी, श्रेणी चांगली असेल तर याच विद्यापीठाच्या गणितात तिचे वजन मोठे आहे. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या श्रेणी तेथे सरासरीत धरल्या जातात, मान्य विषयगटातील हस्तांतरणीय कॉलेज-अभ्यासक्रमात ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाल्यास एक गुणांक वाढवून मिळतो, म्हणजे ‘ए’चे 4 चे 5 होतात व ‘सी’चे 2 चे 3, मात्र ही सवलत एकंदर 8 सत्रांपुरतीच मर्यादित आहे.

ज्या उन्हाळी वर्गांना क्रेडिटच नसते, त्यांचा प्रकार वेगळा. विख्यात विद्यापीठाच्या आवारात भरलेला असला, तरी असा वर्ग उपक्रमांच्या यादीत लिहावा; श्रेणीच्या रकान्यात त्याला स्थान नाही.

शिवाय ही श्रेणी बारावीपाशी थांबत नाही. पुढे वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा धरणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे, की तेथील एमकॅस या मध्यवर्ती अर्जात शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे अभ्यासक्रमही नोंदवावे लागतात, मग ते क्रेडिट पुढे कोठे वापरलेले असो वा नसो. अर्धवट सोडलेल्या अभ्यासक्रमाचा ‘डब्ल्यू’देखील त्यातून सुटत नाही. आणखी एक बाब पालकांना अनपेक्षित वाटते: फर्पा नामक 1974 च्या कायद्यान्वये कॉलेजातील नोंदींवरचा हक्क, विद्यार्थी अठरा वर्षांचा झालेला नसला तरी, त्याच्याकडे जातो. त्यामुळे आईवडिलांनी चौकशीसाठी फोन केला असता रजिस्ट्रारने माहिती देण्यास नकार दिला, तर तो त्याचा उद्दामपणा समजू नये. ट्रान्सक्रिप्टची मागणी मुलाने स्वतःच करावी, आणि ती श्रेणी लागताच करावी, कारण मुदतपूर्व प्रवेशाच्या अर्जांची तारीख अनेक ठिकाणी 1 नोव्हेंबर असते.

श्रेणी खरोखरच घसरली असेल, तर अर्जातील अतिरिक्त माहितीच्या जागेत दोन-तीन वाक्यांची कैफियत पुरे. आजारपण वा घरची आपत्ती असे सबळ कारण असेल तर ते सांगावे, आणि पुढे त्याच विषयात काय केले तेही सांगावे. प्राध्यापकांच्या कडकपणाविषयीची तक्रार तेथे शोभत नाही. सांगण्याजोगे कारण नसेल, तर श्रेणी लिहून गप्प राहणे उत्तम.

खरा विचार करण्याची वेळ मात्र निकालानंतरची नसून नोंदणीपूर्वीची आहे. जे सत्र एरवी चार महिने चालते, तेच उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांत उरकले जाते, आणि एका आठवड्याचे आजारपणही तेथे भारी पडते. म्हणून अभ्यासक्रमास क्रेडिट आहे काय, कोणत्या तारखेपर्यंत नाव काढून घेतल्यास दप्तरी खूण राहत नाही, आणि त्यानंतर ‘डब्ल्यू’ घेऊन बाहेर पडण्याची शेवटची मुदत कोणती, ही तीन उत्तरे मुलाने स्वतः मिळवून घरातील पंचांगाशेजारी लिहून ठेवावीत. पहिली परीक्षा होताच त्या तारखा पाहून मुलाशी मोकळेपणाने बोलणे, हे पालकांचे काम. अर्जातील प्रत्येक रकाना खरा भरणे, हे ज्याची सही त्यावर होणार आहे त्याचे.