मोटारखान्याचें सपाट छप्पर

घराचें छप्पर पाहून त्या प्रदेशाचें हवामान ओळखतां येतें. कोंकणांत पाऊस मुसळधार, म्हणून तेथें उतरतीं कौलारू छप्परें. देशावर पाऊस बेताचा, म्हणून तेथें मातीचीं सपाट धाबीं. सिमेंट-काँक्रीटमुळें मात्र सपाट छप्पर आतां सर्वत्र बांधतां येतें. तें कसें योजावें व सावधगिरी कोठें बाळगावी, हें आम्ही एका लहानशा उदाहरणावरून सांगणार आहों. मोटार ठेवण्यासाठीं ३ मीटर रुंद व ६ मीटर लांब अशी खोली बांधावयाची आहे, असें समजूं.

प्रथम वजनाचा हिशेब करूं. छपराचें क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. स्लॅबची जाडी १२ सेंटिमीटर धरली, तर घनफळ २.१६ घनमीटर होतें. लोखंडी सळया घातलेलें काँक्रीट दर घनमीटरास सुमारें २,५०० किलोग्रॅम भरतें. म्हणजे नुसत्या स्लॅबचें वजन ५,४०० किलोग्रॅम झालें! एवढा भार डोक्यावर राहणार, हें ध्यानांत ठेवूनच भिंती व पाया योजावा लागतो.

आतां पाण्याकडे वळूं. या छपरावर ५ सेंटिमीटर पाणी तुंबलें, तर ९०० किलोग्रॅम भार वाढतो, आणि गळतीस वाट मिळते ती निराळीच. म्हणून 'सपाट' हें केवळ नांव समजावें. दर ६० सेंटिमीटरांस १ सेंटिमीटर उतार दिला, तर ३ मीटर रुंदींत एक कड ५ सेंटिमीटर खालीं येते. त्या कडेस पन्हळ लावावी व पावसाळ्यापूर्वीं तिचें तोंड साफ करावें.

सळया कोठें घालाव्या? एक खडू घ्या. तो दाबून चिरडणें कठीण, परंतु वांकवितांच तो मोडतो. काँक्रीटचा स्वभाव असाच आहे. दाब तें उत्तम सोसतें, ताण सोसत नाहीं. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब भारानें किंचित् वांकतो, तेव्हां त्याची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. म्हणून मुख्य सळया खालच्या बाजूस, ३ मीटर या आंखूड अंतराच्या दिशेनें घालतात. छज्जा मात्र एकाच बाजूनें धरलेला असतो. त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून तेथें सळया वर हव्यात. ही अदलाबदल झाली, तर छज्जा कोसळून प्राणहानि होऊं शकते. सळयांखालीं सुमारें २ सेंटिमीटर काँक्रीटचें आवरण राहिलें पाहिजे. तें नसल्यास लोखंड गंजतें, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात.

काँक्रीट ओततांना तें सहज पसरावें म्हणून कित्येकदां त्यांत जास्त पाणी मिसळतात. हें जास्तीचें पाणी उडून गेल्यावर आंत बारीक छिद्रें राहतात व काँक्रीट दुबळें होतें. ओतल्यानंतरची गोष्ट निराळी. सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं. पाण्याशीं त्याचा रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें. यास्तव स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवितात व निदान ७ दिवस, उन्हाळ्यांत १० दिवस, तो ओला ठेवितात.

शेवटीं टेकूंविषयीं. साध्या पोर्टलंड सिमेंटचा स्लॅब ४.५ मीटरपर्यंतच्या अंतराचा असल्यास टेकू निदान ७ दिवस, व त्याहून मोठा असल्यास १४ दिवस ठेवावे, असें भारतीय मानक ४५६ (सन २०००) सांगतें. स्लॅब वरून कठीण दिसूं लागला, म्हणून तो भार सोसण्याजोगा झाला असें नव्हे. फळ्यांचें भाडें वांचविण्यासाठीं दोन दिवस आधीं टेकू काढणारा मनुष्य, त्या छपराखालीं काम करणाऱ्या मजुरांचा जीव पणास लावतो.

पालकांस आमची विनंति आहे कीं, लहानसें छप्पर असलें तरी त्याचा नकाशा व सळयांचें माप जाणत्या इंजिनियराकडून घ्यावें. आणि मुलांनो, शेजारीं स्लॅब पडत असल्यास दुरून अवश्य पाहा, घरीं येऊन त्याच्या वजनाचा हिशेब मांडा. परंतु टेकू उभे असतां त्याखालीं खेळावयास मुळींच जाऊं नका.