आधी वार, मग अंतर, घड्याळ शेवटी

नाशिक,
जूनचा दुसरा आठवडा

चि. दादूस,


तुझ्या पप्पाचा फोन आला होता. "पंधरा दिवस पळाला आणि बसला घरात," अशी त्याची तक्रार. मग तुझ्या आईशी बोलले तेव्हा उरलेली हकीकत कळली. पप्पाने मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तुला पोलीस भरतीच्या पोरांमागे सोडलं, महिन्याभरात 1600 मीटर सहा मिनिटांत असं टार्गेट दिलं, आणि तुझ्या नडग्या भरून आल्या. बसलास ते बरं केलंस. नडगी ठणकत असताना पळण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

भरतीच्या पोरांचं गणितच वेगळं रे. 1600 मीटर हा त्यांच्या गुणांचा विषय आहे. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस, पुढे प्रत्येक टप्प्याला गुण कापले जातात. त्यांच्यापुढे नोकरीचा प्रश्न उभा आहे. तू सातवीतला. तुझ्यापुढे एवढाच प्रश्न आहे की पुढच्या जूनमध्येही तू पळत असशील का. म्हणून मला विचारशील तर ध्येय ठेवायचा क्रम उलटा कर. आधी वार ठरव, मग अंतर, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी.

अविनाश साबळे तुला माहीत आहेच, रील्समध्ये पाहिला असशील. तो आपला शेजारीच म्हणायचा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडवा त्याचं गाव, आणि आष्टी आपल्या नगर जिल्ह्याला लागून. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर, एसटीची सोय नाही, म्हणून कधी चालत कधी पळत जायचा. हे लोक फार कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा गैरसोय जास्त दिसते. एसटी असती तर तोही खिडकीपाशी बसून गेला असता. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आज जावं की न जावं, असा विचार त्याला रोज सकाळी करावा लागत नव्हता. शाळेचा दिवस म्हणजे पायपीट, विषय संपला. तुझे पंधरा दिवस वाया गेले ते पाय कमी पडले म्हणून नव्हे. रोज उठून तुला वेळेशी सामना होता, आणि रोज हरायच्या सामन्याला कोण जाईल?

तर सोमवार, बुधवार आणि शनिवार. गुरुवार मी मुद्दाम टाळलाय. त्या दिवशी शिर्डीच्या गाड्यांची रीघ असते आणि मैदानावर जायला तुला हायवे ओलांडावा लागतो. या तीन वारी बूट घालून मैदानावर पोचलास की त्या दिवसाचं ध्येय पूर्ण, असं धर. पहिले सहा आठवडे घड्याळाचं काम एकच. तीन मिनिटं पळ, एक मिनिट चाल, असं पाच वेळा. पळताना सोबतच्या मित्राशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला, एवढी साधी खूण आहे. बाकीचे दिवस क्रिकेट खेळ, सायकल मार, कबड्डी खेळ. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की तुझ्या वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी अंग हलवावं, आणि त्यात हे सगळं धरलेलं आहे. पळणं हा त्यातला एक भाग.

बुधवारी पाऊस आला, राहून गेलं, तर गुरुवारी दुप्पट पळून भरपाई करायची नाही. शनिवारी नेहमीसारखं जायचं. आजारपण सोडून लागोपाठ दोन वार मात्र चुकवू नकोस.

आता अंतराचं. शाळेतल्या सरांना विचारून मैदानाची एक फेरी किती मीटरची ते माहीत करून घे आणि एक शंभरपानी वही कर. चाललेलं, पळलेलं सगळं अंतर त्यात मिळवत जा, आणि नकाशावर राहात्याहून निघ. बाभळेश्वर, मग कोल्हारला प्रवरेचा पूल, राहुरी फॅक्टरी, राहुरी, विळद घाट, नगर. हे ऐंशीच्या आसपास. नगरहून आष्टीपर्यंत आता रेल्वे गेली आहे, 2022 मध्ये सुरू झाली, तो मार्ग 66 किलोमीटरचा. म्हणजे साबळेच्या तालुक्यापर्यंत साधारण 145. एका वेळी दोन किलोमीटर धरले तर आठवड्याला सहा. भागाकार तू कर. माझ्या हिशोबाने तू दिवाळीनंतर, मार्गशीर्षाच्या सुमाराला आष्टीच्या स्टेशनात असशील. कोल्हारचा पूल ओलांडलास की मला फोन कर, भगवतीच्या देवळासमोर उभं राहून बोलतोय असं समजून. वहीत खोटी फेरी लिहिलीस तर मला कळणार नाही, पण घाट चढल्याचं सुखही मिळणार नाही.

वेळ मोजायला घड्याळ दिवाळीच्या सुट्टीत काढायचं. एक किलोमीटर मोजून पळ, आकडा वहीच्या मागच्या पानावर लिही आणि विसरून जा. पुढची मोजणी संक्रांतीला. मधल्या काळात रोज वेळ लावायची नाही, पप्पाने कितीही आग्रह केला तरी. वेळ किती सावकाश उतरते ते साबळेकडूनच बघ. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. तिच्यात अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरून सात उड्या. अडथळा तीन फूट उंच आणि जाड लाकडाचा, पाय लागला तर पडतो तो पळणारा, अडथळा नाही. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर स्वतःचाच विक्रम तो मोडत राहिला, कधी एका सेकंदाने, कधी चार सेकंदांनी. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 आली आणि रौप्य मिळालं. सोनं नेणारा केनियाचा किबिवॉट त्याच्या फक्त पाच शतांश सेकंद पुढे होता. 2024 च्या जुलैत पॅरिसला 8:09.91. सहा वर्षांत वीस सेकंदही नाहीत! हे सैन्यात राहून, पूर्ण वेळ सराव करून, प्रशिक्षक पाठीशी असताना. आणि तुझ्या पप्पाला महिन्याभरात दोन मिनिटं कमी करून हवी होती.

पप्पावर रागावू नकोस. त्याला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि मोबाईलमध्ये स्टॉपवॉच सापडलं. मी त्याला दुसरं काम दिलंय: तीनपैकी एका वारी त्याने तुझ्यासोबत यायचं आणि स्वतःही एक फेरी मारायची. पोट बघता तो तुझ्या मागेच राहील, पण सोबत होईल. आणि काठावर उभं राहून "अजून जोरात" ओरडायला त्याला बंदी आहे. कुठल्या तरी मॅरेथॉनमध्ये तुझं नाव घालायचं त्याच्या डोक्यात आहे, असं आईकडून कळलं. पूर्ण मॅरेथॉनला मुंबईतसुद्धा अठरा वर्षं पूर्ण लागतात, ते उगाच नाही.

रस्त्याचं नीट ऐक. कालव्याच्या कडेची वाट सकाळी गार असते, पेरूच्या बागांचा वास येतो, मोह होतो हे मला ठाऊक आहे. पण एकट्याने नाही, आणि कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असताना तर मुळीच नाही. काठ निसरडा असतो आणि पाण्याला ओढ असते. नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू झालं की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर येतात, मागे दिवा असतो-नसतो. त्या महिन्यांत चांगलं उजाडल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. पळायचं ते मैदानाच्या मातीवर, डांबरावर नाही. तुझ्या नडग्यांनाही तेच मानवेल.

नडगीचं दुखणं आता कसं आहे ते लिही. दोन्ही पायांना नडगीच्या लांबीभर दुखत असेल तर बहुधा एकदम जास्त पळल्यामुळे आहे, आरामाने उतरेल. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर आधी डॉक्टर, मग पळणं. हे पप्पाला वाचून दाखव. जाण्याआधी अर्धं केळं किंवा शेंगदाण्याचा छोटा लाडू पुरे. आल्यावर पाणी आणि मग भाकरी-भाजी, वेगळी पावडर काही लागत नाही.

कळव लवकर. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या

ता. क. बुटांचे पैसे आईच्या खात्यावर टाकलेत. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून दोन्ही पायांत बूट घाल, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का बघ, आणि दुकानातल्या दुकानात थोडं पळून पाहा. दुकानदार हसला तर हसू दे. ब्रँड कोणता ते विचारू नकोस, रंग तुझ्या पसंतीचा घे.