मुखातला ठेवा कसा जपावा?

शके १५०६ मध्ये श्रीएकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सर्व जाणतोच. एका कर्त्याचा ग्रंथ असा जपावा लागतो. परंतु ज्याचा कर्ताच ठाऊक नाही, ते वाङ्मय जपावे कसे? या पाठात आपण तेवढेच पाहू.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून निराळा झालेला गडचिरोली, हा वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर येथे मंडया भरतात, रात्री दंडार रंगते, खडीगंमत होते. रानातल्या गोंड-माडिया वस्त्यांत रेला नाचतात, गातात. यातले पुष्कळसे कागदावर नाही, मुखात आहे. गाणारी म्हातारी गेली की गाणेही तिच्यामागून जाते.

आता लिहून घेणारे चुकतात कुठे, पाहा बरे! ते शुद्ध करायला जातात. झाडीबोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'डोळा'चा 'डोरा' होतो. ते 'सुधारले' की यमक मोडते अन् बोलीही हरवते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास केला, तो ती अशुद्ध मराठी समजून नव्हे. तेव्हा नाथांचा नियम येथे लावू नये. एका गावचा पाठ खरा अन् शेजारगावचा खोटा, असे लोकगीतात नसते, दोन्ही ठेवावेत. माडिया तर मराठीच्या कुळातलीही नाही, ती द्राविडी. म्हणून आधी आवाज नोंदवावा, मग लिहावे, आणि अर्थ त्या भाषेच्या जाणत्याकडूनच घ्यावा.

हे काम होण्यासारखे आहे का? आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत विठ्ठल-रुक्मिणीच्या अन् पंढरीच्या ओव्या किती तरी! घरोघरची जाती थांबली, पण त्या ओव्या राहिल्या.

वारीत आपल्या शेजारून चिमूरची, वडशाची, आरमोरीची एखादी माउली चालत असेल. तिला आधी विचारावे, "माय, लिहून घेऊ का?" हो म्हणाली तर जसे ऐकू येईल तसेच लिहावे. गाव कोणते, गाणे कोणत्या प्रसंगाचे, कोणाकडून शिकली, हेही टिपावे. आणि एक प्रत तिच्या घरी पोचवावी. गाणे तिचे आहे. आपण नुसते राखणदार.