अंधाऱ्या समुद्रात वाट कोणी द्यायची?

प्रश्न : आमचं घर मुरूडच्या किनाऱ्याला आहे. रात्री गच्चीवरून लांबवर जहाजांचे दिवे दिसतात. बहुतेक वेळा नुसते पांढरे, क्वचित एखादा लाल किंवा हिरवा. पुढचं पाणी उजळणारा झोत मात्र एकाही जहाजाला नसतो. समुद्रावर ना रस्ता, ना सिग्नल, ना पोलीस. मग अंधारात ही जहाजं एकमेकांवर आदळत कशी नाहीत? की हल्ली सगळं संगणकच सांभाळतो?

उत्तर : आधी झोताचं पाहू. रस्त्यावर गाडीचा उजेड समोरच्या डांबरावर, झाडांवर पडून आपल्याकडे परत येतो, म्हणून वाट दिसते. उघड्या समुद्रात उजेड परत पाठवायला समोर काहीच नसतं. उलट दमट हवेत तो उजेड विखुरतो आणि पाहणाऱ्याच्याच डोळ्यांपुढे पांढुरका पडदा धरतो. शिवाय अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात आणि तो सराव एका लख्ख दिव्याने क्षणात मोडतो. म्हणून जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर रात्री मुद्दाम अंधार ठेवतात. नकाशाच्या टेबलावरचा दिवासुद्धा मंद करून पडद्याआड ठेवलेला असतो. बाहेर लावलेले दिवे असतात ते आपण इतरांना दिसावं म्हणून.

आणि नुसतं दिसावं एवढंच नाही, आपण कुठे निघालो आहोत हेही कळावं म्हणून. जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, डाव्या अंगाला लाल. प्रत्येक दिवा नाकासमोरून आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसेल असा आडोसा त्याला केलेला असतो. उरलेले मागचे १३५ अंश पाठीमागचा पांढरा दिवा भरून काढतो. म्हणजे कुठूनही पाहा, जहाजाची कोणती बाजू आपल्याकडे आहे ते रंग सांगतो. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट आपल्या रोखाने येत आहे. याखेरीज डोलकाठीवर पुढच्या बाजूला दिसणारा पांढरा दिवा असतो. जहाज ५० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर असे दोन, पुढचा खाली आणि मागचा त्याहून उंच.

आता तुमच्या गच्चीवर येऊ. तुमचं तोंड पश्चिमेला. मुंबईकडे, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्या जहाजाचं उजवं अंग किनाऱ्याकडे असतं, म्हणून तुम्हाला हिरवा दिवा दिसेल. गोव्याकडे उतरणाऱ्याचा लाल दिसेल. पण मोठ्या जहाजाचा रंगीत दिवा ३ सागरी मैलांवरून आणि डोलकाठीवरचा पांढरा दिवा ६ सागरी मैलांवरून दिसावा, एवढीच किमान अपेक्षा नियमात आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे हे अंतर झालं अनुक्रमे सुमारे साडेपाच आणि अकरा किलोमीटर. जहाजं बहुधा त्याहून बाहेरून जातात, म्हणून तुमच्या वाट्याला बहुतेक वेळा पांढरेच दिवे येतात. तरी दिशा कळते. दोन पांढऱ्यांपैकी खालचा ज्या बाजूला, त्या बाजूला जहाज चाललं आहे. आज रात्री पडताळून पाहा.

इथवर झालं दुसऱ्याला ओळखणं. टक्कर होणार की नाही हे कसं ठरवायचं? नव्या अधिकाऱ्याला जी गोष्ट अगदी पहिल्यांदा शिकवतात ती हीच, आणि मला ती या साऱ्या विद्येतली सर्वांत सुंदर वाटते. समोरचं जहाज होकायंत्रावर कोणत्या अंशावर दिसतं ते मोजायचं. याला बेअरिंग घेणं म्हणतात. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग आणखी एकदा. अंश बदलत असेल तर ते पुढून किंवा मागून निघून जाईल. अंश तोच राहिला आणि अंतर मात्र कमी होत गेलं, तर दोघं एकाच वेळी एकाच जागी पोहोचणार. गाडीतून चौकाकडे जाताना आडव्या रस्त्यावरची रिक्षा खिडकीच्या काचेत एकाच जागी चिकटल्यासारखी दिसत राहिली, की चौकात गाठ पडणार हे ओळखावं, तसंच हे. फक्त अंदाज आपल्या जहाजाच्या नाकावरून बांधायचा नाही, कारण लाटांनी नाक सतत डोलत असतं. मोजमाप होकायंत्रावरचंच हवं. आणि समोर अवाढव्य जहाज असेल किंवा अंतर फार थोडं उरलं असेल, तर अंश बदलत असतानाही धोका असू शकतो.

धोका आहे हे कळलं, आता वाट कोणी द्यायची? हे १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेलं आहे. ते १५ जुलै १९७७ पासून लागू झाले आणि जगभरच्या अधिकाऱ्यांना ते तोंडपाठ करावे लागतात. इंजिनावर चालणारी दोन जहाजं समोरासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने, तो कोणीही असो, पुढच्यापासून दूर राहायचं. आडवी येत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे त्याने वाट द्यायची. इथे दिव्यांचे रंगच निकाल देतात. उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचं डावं अंग आपल्याकडे असतं, म्हणजे आपल्याला दिसतो लाल, आणि त्याला आपला हिरवा. लाल पाहणाऱ्याने बाजूला व्हायचं आणि शक्यतो त्याच्या नाकापुढून न जाता पाठीमागून जायचं. वळणही चोरटं नको. वेळ हाताशी असतानाच असं ठळक वळावं, की समोरच्याला दिव्यांचा बदल एका नजरेत कळावा. थोडं थोडं वळत राहिलं, तर त्याला आपला बेत उमगतच नाही.

इथे एक समज फार पक्का रुजलेला आहे : ज्याला वाट मिळते त्याचा तो हक्क. नियमात असा हक्क कोणालाच दिलेला नाही. वाट मिळणाऱ्याचंही कर्तव्य ठरलेलं आहे, ते म्हणजे दिशा आणि वेग न बदलणं. त्याच्या भरवशावर दुसऱ्याने आपलं वळण ठरवलेलं असतं. दुसरा वळतच नाही असं दिसलं, तर पाच आखूड भोंगे द्यायचे. एवढ्यानेही टक्कर टळणार नसेल तर स्वतः हालचाल करायचीच आहे, मात्र डावीकडून येणाऱ्या जहाजाला टाळताना होता होईल तो डावीकडे वळायचं नाही. आपलं चुकलं नव्हतं म्हणून सरळ जाऊन आदळणाऱ्याला कायद्यात सूट नाही.

दुसरा समज असा, की मोठ्याने छोट्याला किंवा छोट्याने मोठ्याला नेहमीच वाट द्यावी. नियम आकार पाहत नाही, हालचालीची मोकळीक पाहतो. सुकाणू किंवा इंजिन निकामी झालेलं जहाज एकावर एक दोन लाल दिवे लावतं आणि सगळे त्याच्यापासून दूर राहतात. जाळं ओढत असलेल्या मासेमारी बोटीला आणि शिडाच्या होडीलाही इंजिनाच्या जहाजाने वाट द्यायची. पण बंदराच्या अरुंद मार्गात चित्र बदलतं. खोल पाण्याच्या त्या पट्ट्यातूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा होईल असं होडीने वागायचं नाही. मोठं भरलेलं जहाज इंजिन उलटं फिरवूनही थांबायला कित्येकदा काही किलोमीटर घेतं.

राहिला संगणक. रडार आहे, जीपीएस आहे, आपलं नाव, जागा आणि वेग आपोआप कळवणारी एआयएस यंत्रणाही आहे. त्यांनी काम सोपं केलं आहे यात शंका नाही. पण एआयएस प्रत्येक होडीवर नसते आणि लाकडी होडीचा रडारवरचा ठसा खवळलेल्या लाटांच्या गर्दीत सहज हरवतो. म्हणून डोळ्यांनी आणि कानांनी सतत पाहत-ऐकत राहणं हे नियमांत आजही सक्तीचं आहे. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारवरच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधायचा नाही असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेतल्या नॅनटकेटजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही प्रवासी जहाजं धडकली आणि ५१ माणसं गेली. दोघांकडे रडार होतं, दोघांनी एकमेकांचा ठिपका पाहिला होता. त्या ठिपक्याच्या चालीचा अर्थ मात्र दोघांनी वेगळा लावला. एक डावीकडे वळलं, दुसरं उजवीकडे, आणि धुक्यातून दिवे दिसेपर्यंत उशीर झालेला होता.

समोरासमोर येणारी दोन जहाजं ताशी १५ सागरी मैलांनी चालत असतील, तर त्यांच्यातलं अंतर ताशी ३० मैलांनी घटतं. सहा मैलांवर दिवा दिसला, तर हातात १२ मिनिटं उरतात. एवढ्यात ओळखायचं, मोजायचं, ठरवायचं आणि वळायचं. आणि हे फक्त अंधारातच चुकतं असं नाही. आपल्याकडेही ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली, ती भर सकाळी. कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

मुरूडला, एकदऱ्याला मासेमारी करणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून जाता जाता एक विनंती. ट्रॉल जाळं ओढताना हिरव्याखाली पांढरा आणि इतर जाळी टाकताना लालाखाली पांढरा, हे दिवे चारही बाजूंनी दिसले पाहिजेत. डेकवरचे झगझगीत एलईडी उघडे ठेवले तर हे दिवे त्यांच्या उजेडात बुडून जातात आणि समोरच्या जहाजाला होडीचं जाळं पाण्यात आहे ते कळत नाही. तुमच्या ओळखीच्या तांडेलांना एवढं जरूर सांगा : संध्याकाळी होडी सोडण्याआधी हे दिवे एकदा लावून पाहावेत आणि डेकवरच्या कामाच्या दिव्यांचं तोंड खाली वळवून घ्यावं.